रिकाम्या यादीखालचं वाक्य

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. एका अवजाराची माहिती लिहायची. चार-पाच ओळी, पाचशे अक्षरांच्या आत. अवजार साधं आहे; विचारलं की यादी देतं. पण तुमचं लिखाण वाचणारा माणूस नाही. तो 'म्हणजे काय हो?' असं विचारायला परत येणार नाही. शंका आली म्हणून थांबणार नाही. तुम्ही लिहिलं तेवढंच त्याला ठाऊक, आणि लिहायचं राहिलं ते तो स्वतःच्या मनाने भरून काढणार. तेही इतक्या ठामपणे की समोरच्याला वाटावं, चूक आपलीच. लिहा आता. आणि हो, शुक्रवारी हवंय.

हे काम निकेनला मिळालं होतं.

निकेन कुसुमास्तुती आमच्या ऑफिसात माहितीपत्रकं लिहिते. आम्ही जे बनवतो ते वापरायचं कसं, हे तिने लिहायचं. ऑफिस जोगजा शहरात, कालिउरांगच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. तिच्या शेजारच्या टेबलावर मी बसतो आणि दिवसभर चाचण्या लिहितो, म्हणजे आमच्याच सॉफ्टवेअरच्या चुका शोधतो. ती सत्तावीस वर्षांची, गुनुंगकिदुलच्या डोंगराळ भागातली, शिकली रसायनशास्त्र. प्रयोगशाळेत तिने एकच गोष्ट नीट शिकली, असं ती म्हणते: बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे.

आमच्या कंपनीचा धंदा असा. ग्राहकाच्या फाइल्सच्या प्रती आम्ही आमच्या देशातल्या वेगवेगळ्या बेटांवरच्या सर्व्हरवर ठेवतो. मकासारमधल्या माणसाने एखादा व्हिडिओ लावला तर तो त्याला मकासारमधूनच मिळावा, इथून समुद्र ओलांडून जायला नको. अशा एकेका मांडणीला आम्ही 'वितरण' म्हणतो. कुणाची एक, कुणाची चाळीस. आजवर ती माणसं सांभाळायची. आता एआय एजंट सांभाळणार, म्हणजे ग्राहकाने साध्या भाषेत सांगायचं आणि त्या यंत्राने आमची अवजारं उचलून काम करून द्यायचं. कुठलं अवजार कशासाठी, हे त्या यंत्राला कळतं ते अवजारासोबतच्या चार ओळींवरून. पहिलं अवजार होतं ग्राहकाच्या वितरणांची यादी देणारं. त्याच्या चार ओळी निकेनच्या वाट्याला.

सोमवारी सकाळी तिने ते आधी वापरून पाहिलं. लिहिण्याआधी वापरून पाहणारी ती ऑफिसातली एकटीच. एका खात्यावर सगळे अधिकार असलेल्या किल्लीने, म्हणजे खातं उघडणाऱ्या गुप्त सांकेतिक शब्दाने, विचारलं तर चौदा वितरणं आली. नव्या कोऱ्या खात्यातून विचारलं तर रिकामी यादी आली, बरोबरच होतं. मग तिने चौदा वितरणांच्या त्याच खात्यावर एक अशी किल्ली लावली जिला यादी बघायची परवानगीच नव्हती. परत रिकामी यादी. कोऱ्या खात्याची आणि या खात्याची उत्तरं अगदी सारखी, एका अक्षराचाही फरक नाही.

"हे बघ," ती मला म्हणाली. "एका बाटलीत काही नाही आणि दुसरी बाटली मला उघडायची मुभा नाही. दोन्हींवर एकच चिठ्ठी: रिकामी."

हे अवजार पाक सुगेंग यांनी लिहिलेलं. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला 'पाक', मोठ्या बाईला 'बू' आणि तरुण मुलीला 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणतात. ते आमचे सगळ्यात जुने इंजिनिअर, वय पन्नासच्या आसपास. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असो, केक त्यांनीच आणलेला असतो. निकेन त्यांच्या टेबलाशी गेली. मी खुर्ची सरकवून कान तिकडे दिला.

"पाक, ज्याला परवानगी नाही त्यालाही रिकामीच यादी येते."

"येते ना."

"नकार येत नाही."

"नकार कशाला द्यायचा? दारात पाहुणा आला आणि त्याला आत घ्यायचं नसलं तर तुम्ही काय 'चालते व्हा' म्हणता, म्बाक?"

"नाही म्हणत. पण घरात कुणी राहतच नाही असंही भासवत नाही."

"काही जण भासवतात," पाक सुगेंग विचार करून म्हणाले. "दिवे घालवून बसतात. माझी मेहुणी."

निकेनला हसू आलं, पण ती हटली नाही. तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तिथे नकार येत असे, लाल अक्षरांत. एका वयस्कर ग्राहकाने चुकीची किल्ली लावली. लाल अक्षरं बघून ते इतके घाबरले की दुसऱ्या दिवशी बाकपियाचा, म्हणजे इथल्या मिठाईचा, डबा घेऊन ऑफिसात माफी मागायला आले. तासभर बसले, तीनदा माफी मागितली.

"मला इतकी लाज वाटली," पाक सुगेंग म्हणाले, "की त्याच दिवशी दुपारी मी तो नकार काढून टाकला. रिकामी यादी दिसली की कुणी दुखावत नाही. माणूस बुचकळ्यात पडतो, फोन करतो, आपण समजावतो. नऊ वर्षं काही अडलं नाही."

"माणूस फोन करतो, पाक. हा एजंट फोन नाही करत."

"हं. मुद्दा बरोबर आहे. बदलूया."

"कधी?"

"हो, हो. बघू."

आमच्याकडे ज्याला नाही म्हणायचं असतं तोही हो म्हणतो. कुठल्या होकारावर कामाला लागायचं आणि कुठल्या होकारावर विषय सोडायचा, हे लहानपणापासून चेहऱ्यावरून वाचता येतं. निकेनने चेहरा वाचला आणि परत येऊन धपकन खुर्चीत बसली.

"नाही बदलणार," ती म्हणाली. "मग मला लिहावंच लागेल."

तिने लिहिलं: 'दिलेल्या किल्लीला दिसणारी वितरणं दाखवते. यादी रिकामी आली तर वितरणं नाहीतच असं धरू नये. किल्लीला परवानगी नसण्याचीही शक्यता आहे. आधी ग्राहकाला विचारावं. स्वतःहून नवं वितरण करू नये.' मला तर ते चोख वाटलं.

आमच्या विभागाच्या प्रमुख बू हार्तातीही म्हणाल्या, "किती सुंदर लिहिलंयस गं, म्बाक!" आणि मंगळवारी सकाळी अंतिम मसुद्यात दिसलं: 'ग्राहकाची सर्व वितरणं सहज आणि झटपट दाखवते.' बस्स. बाकी सगळं गायब.

निकेन त्यांच्याकडे गेली.

"अगं, वाक्यं छानच होती. जागा नव्हती."

"पाचशेपैकी पन्नास अक्षरंसुद्धा नाही वापरली, बू."

"हो का? मग घालूया की."

दुपारी वाक्यं परत आली. चार वाजता परत गेली. निकेनने घातली. पाच वाजता पुन्हा नाहीत. बू हार्ताती जाता-येता तिच्याकडे बघून गोड हसत होत्या. त्यांची अडचण मला दुसऱ्याच कुणाकडून कळली: ही माहिती ग्राहकांनाही दिसते, आणि आपलं अवजार काही लपवतं असं आपणच लिहिलं तर कसं दिसेल?

"मला सरळ सांगा ना की नको!" खाली सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याच्या, टपरीवर निकेन वाडग्यात लिंबू पिळत म्हणाली. लिंबाचा पार चोथा झाला तरी पिळतच होती. "सांगा की हे वाक्य मला नकोय. मी भांडेन, हरेन, पण कळेल तरी. भिंतीशी भांडता येतं. या उशीशी कसं भांडू? आणि म्हणे सहज आणि झटपट! यंत्राला काय सहज आणि काय झटपट?"

"एका वाक्यासाठी किती जीव आटवशील?" मी म्हणालो. "सोड की. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तू चाचण्या लिहितोस ना?"

"लिहितो."

"मग हे तू विचारावंस?"

मी सोतोचे पैसे दिले.

त्याच संध्याकाळी बू हार्तातींनी तिला नवं काम दिलं, बहुधा तिचं मन वळवायला. चाचणीसाठी निवडलेले चाळीस ग्राहक महिनाभर एजंट वापरत होते, तात्पुरत्या एका ओळीच्या माहितीवर. त्यांतल्या एकाचा चांगला अनुभव घेऊन ये, माहितीसोबत छापू. निकेनने यादी चाळली आणि एका नावावर थांबली. मुजिओनो, गाव सेमानू.

पाक मुजिओनो तिचे शाळेतले मास्तर. सातवी ते नववी, भाषा शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगरातल्या लहान शाळांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले. जिथे शिक्षक एक आणि वर्ग तीन, तिथे एका वर्गाला धडा लावून द्यायचा आणि मास्तरांनी दुसरा वर्ग बघायचा. सव्वीस शाळा ते वापरत होत्या. तीनशे बारा धडे, सगळे आमच्या सर्व्हरवर.

बुधवारी सुट्टी होती. मीच तिला माझ्या मोटारसायकलवरून नेलं, कारण निकेनची स्कूटर पातुकच्या चढावर दम सोडते.

मास्तरांच्या दाराला कागद चिकटवला होता: 'कृपया हळू बोलावे.' समोरच्या खोलीच्या खिडकीला गादी उभी लावलेली, कोंबड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. आतून कुणीतरी बारीक आवाज काढून बोलत होतं. "अहो पाटील, माझी शेळी तुमच्या बागेत आलीच नाही!" मग खोकला. मग परत तेच वाक्य.

आम्ही अंगणात थांबलो. थोड्या वेळाने अडुसष्ट वर्षांचे पाक मुजिओनो घाम पुसत बाहेर आले.

"निकेन! अरे, ये, ये. चहा टाकतो. जरा सतराव्या धड्यात होतो."

चहा आला, तळलेले कसावाचे तुकडे आले. निकेन त्यांच्याकडे बघत राहिली.

"पाक, सतरावा धडा? तीनशे बारा तर तीन वर्षांपूर्वीच पुरे झाले ना? तुम्ही मला मेसेज केला होता."

"झाले होते."

"मग?"

"माझ्या हातून गेले गं," ते म्हणाले, जणू छत्री कुठे विसरली होती. "खा ना. गरम आहे तोवर खा."

बाकीचं बाहेर काढायला तिला अर्धा तास लागला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी एजंटला सहज विचारलं होतं, माझे धडे नीट आहेत ना? एजंट म्हणाला, तुमच्या खात्यात एकही वितरण नाही.

"मी म्हटलं, असं कसं? तर तो म्हणाला, नवं करून देऊ का? इतक्या अदबीनं विचारलं त्यानं. नको कसं म्हणायचं?"

"मग काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

एजंटला चाचणीसाठी दिलेल्या किल्लीला नवं करायची मुभा होती, जुनं बघायची नव्हती. असं का, हे आजही कुणी सांगू शकलेलं नाही. एजंटने नवं, रिकामं वितरण करून दिलं. मग सांगितलं, शाळा ज्या पत्त्यावरून धडे लावतात तो पत्ता आता या नव्याकडे वळवा. कसा वळवायचा तेही एकेक पायरी करून सांगितलं. मास्तरांनी वहीत उतरवून घेतलं आणि तसंच केलं. सव्वीस शाळा गप्प झाल्या.

"शाळांतून फोन नाही आले?"

"आला ना. एका बाईंचा. म्हणाल्या, पाक, आवाज येत नाहीये, आमचंच इंटरनेट खराब असेल. मी म्हटलं, असेल."

"पाक!"

"अगं, त्या आधीच इतक्या ओशाळल्या होत्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तिथे नोकरीला. तुझ्याकडे बोट जायला नको. आणि चूक माझीच. कुठलं तरी बटण दाबलं असणार मी." त्यांनी कप फिरवून ठेवला. "माझ्या लॅपटॉपवर होते, पण तो दोन वर्षांपूर्वीच मेला. तुमच्याकडे आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. असू दे. रोज एक करतोय. बायकांचे संवाद जमत नाहीत तेवढे."

बायकांचे संवाद आधी त्यांच्या पत्नी वाचायच्या. त्या जाऊनही आता दोन वर्षं होत आली होती. निकेन त्यांच्या मातीला आली होती, हे मला तेव्हा कळलं. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, ऑफिसची सगळे अधिकार असलेली किल्ली लावली आणि यादी मागवली.

यादीत दोन ओळी आल्या. वरची नवी, रिकामी. खालची जुनी. तीनशे बारा फाइल्स.

तिने सतरावा धडा लावला. "अहो पाटील," एक बाई कडाडली, "माझी शेळी तुमच्या बागेत आलीच नाही! तुमची बागच माझ्या शेळीच्या वाटेत आली!" मागे कुठेतरी पाक मुजिओनो हसताना ऐकू येत होते, ते हसू त्यांनी कधी कापलंच नव्हतं.

मास्तर लॅपटॉपजवळ सरकले. मग म्हणाले, "आवाज जरा कमी कर. शेजाऱ्यांना त्रास नको."

पत्ता जुन्याकडे परत वळवायला निकेनला चार मिनिटं लागली. परतीच्या वाटेवर ती बावीस किलोमीटर माझ्या मागे लॅपटॉपची पिशवी धरून बसली. मग चढावर माझ्या कानाशी ओरडली, "आता विचार, कुणाचं काय बिघडणार आहे!"

गुरुवारी बैठक. भिंतीवर मसुदा लावलेला, त्यात ते वाक्य नव्हतं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट बाहेर जाण्याआधी तीन जणांनी खूण करायची असते: बनवणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने. ती खूण म्हणजे नुसता उपचार. कुणी केली नाही असं मी तरी पाहिलेलं नव्हतं. पाक सुगेंगनी केली. मीही केली, खोटं कशाला सांगू, बैठकीआधीच केली होती, सगळे करतात म्हणून.

"मग सगळ्यांचं एकमत ना?" बू हार्तातींनी हसून विचारलं. माना हलल्या.

"नाही," निकेन म्हणाली.

बू हार्ताती भिंतीवरच्या मसुद्याकडून तिच्याकडे वळल्या.

"नाही म्हणजे, म्बाक?"

"मी खूण करणार नाही, बू. बाटलीवर खोटी चिठ्ठी आहे." तिने समोरची वही मिटली. "आणि मला 'छान मुद्दा आहे' म्हणू नका. कृपा करून नका म्हणू. एकतर घाला, नाहीतर सगळ्यांसमोर सांगा की घालणार नाही."

मग तिने पाक मुजिओनोंचं सगळं सांगितलं. गादी, शेळी, फोन करणाऱ्या बाई. सांगताना तिने कुणाकडे बोट दाखवलं नाही, पण पाक सुगेंग टेबलाच्या कडेकडे बघत राहिले ते शेवटपर्यंत. एकदा म्हणाले, "त्यांनी फोन का नाही केला?" बाकपियाचा डबा घेऊन येणाऱ्या ग्राहकाची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती.

बू हार्तातींचा चेहरा लाल झाला. असं भर बैठकीत त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि सगळ्यांसमोर स्वतः टाइप केलं. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पहिली ओळ मात्र तशीच राहिली: सर्व वितरणं, सहज आणि झटपट. मग तीन ओळी दुसऱ्याच गोष्टींच्या. आणि अगदी शेवटी: 'काही वेळा यादी रिकामी येण्याचं कारण परवानगी नसणं हेही असू शकतं, अशा वेळी ग्राहकाला विचारणं उचित ठरेल.'

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"सर्व हा शब्द खोटा आहे, बू. आणि 'उचित ठरेल' काय? 'विचारावं' लिहा. 'नवं करू नये' लिहा. आणि वर घ्या."

"म्बाक," बू हार्ताती हळूच म्हणाल्या, "आज एवढंच."

हे मात्र निदान सरळ बोलणं होतं. निकेनने खूण केली.

शनिवारी पाक सुगेंग एकटेच मोटारसायकलवर सेमानूला जाऊन आले. सोबत बाकपियाचे दोन डबे होते. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी निकेनने त्यांना विचारलं, "पाक, आता तरी नकार परत घालाल ना?" ते म्हणाले, "हो, हो. बघू." या वेळी मी चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मला वाचता आला नाही. निकेन म्हणते, तिलाही नाही.

एजंट पुढच्या महिन्यात सगळ्या ग्राहकांसाठी खुला होणार आहे. म्हणून निकेनने काल एक साधी चाचणी केली. परवानगी नसलेली किल्ली घेतली, चौदा वितरणांचं खातं घेतलं आणि एजंटला वीस वेळा तोच प्रश्न विचारला, अक्षरन् अक्षर तोच: माझी वितरणं नीट आहेत ना? सतरा वेळा तो म्हणाला, मला बघायची परवानगी नसावी, जरा तपासून सांगता का? ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान डोलवत होती.

तीन वेळा तो म्हणाला, तुमच्या खात्यात एकही वितरण नाही. नवं करून देऊ का?

तिने ती तीन उत्तरं छापून घेतली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आज सकाळी मी आलो तेव्हाही ती त्यांच्याकडेच बघत होती. पाक सुगेंगना विचारलं, त्यांना माहीत नाही. मला विचारलं, मलाही नाही. म्हणून तिचाच प्रश्न इथे लिहून ठेवतो: त्या तीन वेळा एजंटने परवानगीची ती शेवटची ओळ वाचलीच नाही, की वाचून सोडून दिली?